स्की शिकणाऱ्यांनी उतार कसा शोधावा: रंग नंतर, आधी शेवट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पाच जणांचा ग्रुप आहे, दोघांनी आयुष्यात कधी पायात स्की घातलेली नाही, दोघं एकदा जाऊन आलेत आणि एक जण बऱ्यापैकी सराईत आहे, रिसॉर्टच्या जाहिरातीत लिहिलंय की निम्म्याहून जास्त उतार सोपे आहेत, नकाशावर पण हिरव्या-निळ्या (म्हणजे सोप्या उतारांच्या) रेषांची रेलचेल दिसतेय, तर एवढ्यावर बुकिंग करून टाकावं का?

एवढ्यावर नको. मी बरीच वर्षं नवशिक्यांना शिकवतोय आणि ज्या ज्या माणसाने दुसऱ्याच दिवशी स्की काढून ठेवली आणि परत हात लावला नाही, त्यातले निम्मे तरी चुकीच्या उतारावर गेल्यामुळे घाबरलेले होते, अंगात कसब नव्हतं म्हणून नाही. आणि गंमत अशी की तो चुकीचा उतार नकाशावर बहुतेक वेळा निळाच होता.

सोपे उतार किती आहेत हे मोजत बसू नका. ते एकमेकांना जोडलेले आहेत का, वर नेणारी लिफ्ट (म्हणजे डोंगरावर चढवणारं कार्पेट, खुर्ची, डबा, जे काही असेल ते) तुम्हाला झेपणारी आहे का, आणि संध्याकाळी त्याच सोप्या वाटेने खाली येता येतं का, हे बघा. साखळीतली एक कडी जरी लाल (म्हणजे अवघड) असली तरी नवशिक्यासाठी अख्खी साखळी लाल. माझ्या डोक्यातलं माप असं आहे की कुठलाही उतार हा त्याच्यातल्या सगळ्यात वाईट वीस मीटरांएवढा अवघड, बाकीचे दोन किलोमीटर गादीसारखे असले तरी तुम्ही अडकणार त्या वीस मीटरांवरच.

आता रंगांचं. युरोपात साधारण निळा, लाल, काळा असा चढता क्रम आहे, फ्रान्स आणि स्पेनमध्ये निळ्याच्या खाली अजून एक हिरवा असतो, ऑस्ट्रिया-जर्मनी-स्वित्झर्लंडकडे सहसा निळ्यापासूनच सुरुवात. उत्तर अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा. जपानमध्ये हिरवा, लाल, काळा, म्हणजे तिथला लाल हा मधला. त्यामुळे एका देशात निळ्यावर मजेत फिरलेला माणूस दुसऱ्या देशात निळ्यावर गेला की त्याला वाटतं आपण सगळं विसरलो, तो विसरलेला नसतो, रंगाचा अर्थ बदललेला असतो.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीत निळ्या उतारासाठी २५ टक्के आणि लालसाठी ४० टक्के अशी चढणीची मर्यादा धरलेली आहे. टक्के आणि अंश यात लोक हमखास गोंधळतात. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, सरळ कडा नव्हे. २५ टक्के म्हणजे जेमतेम १४ अंश आणि ४० टक्के म्हणजे साधारण २२. ऐकायला १४ अंश काहीच नाही वाटत, पण पहिल्यांदा स्की घालून वरून खाली बघितलं की तेच १४ अंश विहिरीत डोकावल्यासारखे वाटतात. आणि त्या नियमातली खरी मेख अशी की मोकळ्या जागेतले छोटे छोटे तुकडे या मर्यादेपेक्षा जास्त तीव्र असले तरी चालतात. म्हणजे माझे ते वीस मीटर नियमात बसवूनच ठेवलेले आहेत! अमेरिकेत तर बाहेरून कोणी तपासणारं नाही, प्रत्येक रिसॉर्ट आपापल्या डोंगराच्या हिशोबाने रंग देतं, सगळा डोंगरच उभा असेल तर त्यातला जो कमी उभा तो हिरवा.

फ्रान्समध्ये व्हाल दीझेरची तर यासाठी ख्यातीच आहे, तिथल्या काही हिरव्या उतारांना दुसरीकडे सहज निळा रंग मिळाला असता, आणि ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनचे निळे हे बऱ्याच जणांना लालसारखे वाटतात. दोन्ही जागा जबरदस्त आहेत, पण ज्याला येतं त्याच्यासाठी. उलट फ्रान्समधल्याच आल्प द्युएझला १६ किलोमीटरचा प्रसिद्ध काळा सारेन उतार आहे आणि त्याच रिसॉर्टमध्ये गावाच्या अगदी डोक्यावर मैदानासारखे रुंद, मंद हिरवे उतार पण आहेत, तिथे शिकायला फार बरं पडतं. त्यातही एक किंतु आहे. संध्याकाळी वरून परतणारे सगळे त्याच उतारांवरून येतात, तेव्हा चारच्या सुमाराला नवशिक्याने तिथे मधोमध उभं राहू नये. सांगायचा मुद्दा असा की रिसॉर्टचं नाव सोपं-अवघड ठरवत नाही, त्यातला नेमका कोपरा आणि नेमकी वेळ ठरवते.

नकाशावर पण फार भरवसा ठेवू नका. रिसॉर्ट जो रंगीत नकाशा देतं ते चित्र असतं, चित्रकाराने डोंगर पुढे झुकवून, मागची बाजू पुढे ओढून सगळं एका कागदावर बसवलेलं असतं, त्यात अंतर आणि तीव्रता दोन्हीचा अंदाज चुकतो. मी काय करतो, तर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) असलेला खरा नकाशा उघडतो (ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले स्कीचे नकाशे फुकट मिळतात) आणि रेषा कुठे दाटीने आल्यात ते बघतो, जिथे दाटी तिथे उतार तीव्र. नुसती सरासरी काढू नका. समजा उतार दोन किलोमीटर लांब आणि वर-खालचा फरक २०० मीटर, म्हणजे सरासरी १० टक्के, ऐकून छान वाटतं. पण त्यातले पहिले दीड किलोमीटर ५ टक्क्यांचे असले तर तिथे फक्त ७५ मीटर उतरले, उरलेले १२५ मीटर शेवटच्या ५०० मीटरमध्ये, म्हणजे तिथे २५ टक्के. कागदावर एकच उतार, पायाखाली दोन वेगळे, आणि वाईट तुकडा नेमका पाय थकल्यावर येतो.

पहिल्या दिवशीची जागा कशी असावी हे मात्र मी अगदी हट्टाने सांगतो. खाली सपाट, आणि शक्य असेल तर सपाटीनंतर किंचित चढ. बस्स, बाकी सगळं त्याच्यानंतर. कारण पहिल्या दोन तासांत तुम्हाला थांबता येणार नाहीये, डोंगरानेच तुम्हाला थांबवलं पाहिजे. एकदा मेंदूला कळलं की काहीही झालं तरी मी तिथे खाली आपोआप थांबणार आहे, की अंग सैल पडतं, गुडघे वाकतात, आणि शिकणं सुरू होतं. जिथे खाली कुंपण, पार्किंग, ओढा किंवा लिफ्टच्या रांगेतली माणसं आहेत तिथे माणूस मागे रेलतो, मागे रेललं की वजन टाचेवर जातं, स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, वळण घेता येत नाही आणि वेग अजून वाढतो. शिकवणारा वरून "पुढे झुका पुढे झुका" ओरडत राहतो पण समोर भिंत दिसत असताना कोण पुढे झुकणार सांगा.

चढण पाच-सहा अंशांची पुरे, १० टक्क्यांच्या आसपास. रुंदी भरपूर हवी, निदान इतकी की तीन-चार वळणं चुकली तरी कडेच्या जाळीत जाणार नाही. आणि उतार आडवा कललेला नको. हे लोक बघतच नाहीत. काही उतार खाली जाताना एका बाजूला पण झुकलेले असतात, पाणी ओतलं तर सरळ खाली न जाता कोपऱ्यात जमा होईल असे, तिथे नवशिक्या सारखा एकाच बाजूला ओढला जातो आणि एका बाजूची वळणं जमतात, दुसऱ्या बाजूची जमतच नाहीत, मग त्याला वाटतं आपलाच डावा पाय वाईट आहे.

लिफ्टचं पण तेवढंच महत्त्वाचं आहे. सगळ्यात सोपं ते जमिनीवरून सरकणारं कार्पेट, मॅजिक कार्पेट म्हणतात, त्यावर नुसतं उभं राहायचं. त्यानंतर गोंडोला, म्हणजे तारेवरचा बंद डबा, कारण त्यात स्की काढून हातात घेऊन बसता येतं. चेअरलिफ्टमध्ये, म्हणजे तारेवरच्या उघड्या खुर्चीत, बसणं अवघड नाही, उतरणं अवघड आहे, वरचा उतरायचा छोटा उतार कधी कधी खालच्या अख्ख्या उतारापेक्षा तीव्र असतो, हे चढायच्या आधीच विचारून घ्या आणि ऑपरेटरला बिनधास्त सांगा की पहिल्यांदाच बसतोय, तो स्पीड कमी करतो, त्यात लाज कसली. ओढून नेणाऱ्या लिफ्टा, म्हणजे टी-बार (उलट्या T सारखा दांडा) आणि चकती दोन पायांच्या मध्ये धरायची ती बटण लिफ्ट, यांच्यावर बसायचं नसतं, उभंच राहायचं असतं, ती मागून ढकलते. बसलात की पडलात. पडलात तर दांडा सोडा आणि लगेच वाटेतून बाजूला सरका, मागून दुसरा माणूस येतोय. काही रिसॉर्टमध्ये "सोपा" उतार असा असतो की तिथे पोचायला लांबलचक टी-बार आहे आणि तिचा मार्गच त्या उतारापेक्षा चढा आहे, मग सांगा तो उतार नवशिक्याचा कसा?

शिकायची जागा डोंगराच्या पायथ्याशी आहे की वर, हा पुढचा प्रश्न. पायथ्याशी असली तर दमलात की चालत खोलीवर. पण खाली उंची कमी, बर्फ कमी, सीझनच्या शेवटी चिखल. वर असली तर बर्फ चांगला, जसं स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला नवशिक्यांची जागा सुनेगाला आहे, २,२८८ मीटरवर, बोगद्यातल्या फ्युनिक्युलर (तारेने ओढल्या जाणाऱ्या) रेल्वेने वर जायचं आणि तिच्यातूनच खाली यायचं. ही सोय असेल तर वरची जागा उत्तम. मात्र वर नेणारी लिफ्ट चेअरलिफ्ट असेल तर खाली येताना त्यात माणसं बसू देतात का ते आधी विचारा, सगळीकडे देत नाहीत. मी स्वतः यात फसलोय. सहा नवशिक्यांना घेऊन वर गेलो होतो, छान मंद उतार, सगळे खुश, दुपारी वारा सुटला आणि वरून खाली नेणारी लिफ्ट बंद केली, उरला एकच रस्ता, आणि तो लाल. सव्वा किलोमीटर उतरायला आम्हाला दोन तासांच्या वर लागले, एक जण तर अर्धा रस्ता बसूनच आला. त्या दिवसापासून मी वर जायच्या आधी नेहमी विचारतो की वारा आला तर यांना खाली कसं आणायचं.

गुलमर्गला पण हाच प्रकार वेगळ्या रूपात होतो. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो, तिकीट कोणालाही मिळतं, वरून दृश्य अप्रतिम, पण तिथून खालचा बर्फ मशिनने दाबून सपाट केलेला नसतो, खोल असतो आणि हिमस्खलनाचा धोका असतो. फिरायला जरूर जा, स्की खाली ठेवून जा. नवशिक्यांची जागा पायथ्याशी, मैदानाला लागून आहे.

जोडरस्ते हा अजून एक सापळा. दोन उतारांना जोडणारी, डोंगराच्या कडेकडेने जाणारी अरुंद वाट, नकाशावर हिरवी किंवा निळी दाखवलेली असते कारण चढण कमी आहे. पण रुंदी चार-पाच मीटर, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागून येणारे "डावीकडून" म्हणून ओरडतायत, वळायला जागा नाही म्हणून तुम्ही पाय फाकवून ब्रेक लावत राहता आणि पाच मिनिटांत मांड्या पेटतात. मध्येच सपाटी आली की थांबता, मग काठ्यांनी ढकलत जा. स्नोबोर्डवाल्यांचे तर याहून हाल, त्यांच्याकडे काठ्या पण नाहीत, एक पाय काढून ढकलत बसायचं. रुंद मैदानावरचे १४ अंश मला परवडले, अरुंद वाटेवरचे चार नकोत.

बर्फाचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर एकाच उताराचे दिवसात तीन उतार होतात. रात्री मशिन फिरवून केलेल्या बारीक रेघा सकाळी दिसतात, त्यावर घसरायला सगळ्यात सोपं. पण मार्च-एप्रिलमध्ये दिवसा वितळलेलं रात्री गोठतं, तेव्हा सकाळी नऊला तीच जागा काचेसारखी टणक असते, नवशिक्याने दहा-साडेदहापर्यंत थांबावं. आपल्या गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात आणि दुपारी लापशी होतात, उत्तरेकडचे सावलीत थंड राहतात. त्यामुळे उन्हाळा जवळ आला असेल तर सकाळी उन्हाचा उतार, दुपारी सावलीचा. ऐन थंडीत हा हिशोब तेवढा लागत नाही.

आणि त्या वाईट वीस मीटरांची एक सवय लक्षात ठेवा. तिथे प्रत्येक जण घाबरून ब्रेक लावतो, त्यामुळे सैल बर्फ खरवडून खाली जातो, वर निव्वळ टणक थर उघडा पडतो आणि त्याच्या खाली ढीग साचतात. म्हणजे जो तुकडा मुळातच तीव्र, तोच दुपारपर्यंत सगळ्यात निसरडा पण होतो. गावात परत येणाऱ्या शेवटच्या उतारावर तर हे रोजच होतं, दिवसभराची गर्दी एकाच वाटेने उतरते, उजेड कमी, पाय गेलेले. शिकणाऱ्यांनी तो शेवटचा उतार सरळ लिफ्टने उतरावा. त्याला हार मानणं म्हणत असतील तर म्हणोत, मी स्वतः बर्फ वाईट असला की लिफ्टने उतरतो.

ढगाळ दिवशी झाडांमधला उतार शोधा. झाडांची रेषा संपल्यावर वर सगळं पांढऱ्यावर पांढरं होतं, खड्डा-उंचवटा दिसत नाही, आपण चालू आहोत की थांबलोय हे पण कळत नाही, मी थट्टा करत नाहीये, उभ्या उभ्या पडणारी माणसं बघितलीत. झाडं असली की डोळ्यांना आधार मिळतो.

तिथे पोचल्यावर उतार तपासायचा माझा सगळ्यात आवडता मार्ग म्हणजे आधी त्याच्यावरून जाणाऱ्या गोंडोलातून नुसतं बघायचं. माणसं कुठे बसलीत ते बघा. एकाच ठिकाणी चार-पाच जण बसलेले किंवा कडेला रांगेने थांबून खाली बघत असलेले दिसले की समजा हाच तो तुकडा. लहान मुलांची स्की-स्कूलची रांग नागमोडी जाताना दिसली तर तो उतार ठीक, ते शिक्षक रोज तिथेच येतात, त्यांना डोंगर माहीत असतो. आणि लिफ्टच्या माणसाला किंवा स्की-पॅट्रोलवाल्याला (उतारांवर गस्त घालणाऱ्या बचाव पथकाच्या माणसाला) विचारा, पण "सोपा उतार कुठला" असं नको, त्याच्यासाठी सगळेच सोपे. "आज सकाळी पहिल्यांदा शिकणाऱ्यांना तुम्ही कुठे पाठवताय" असं विचारा. या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

कार्पेटवरून खऱ्या उतारावर कधी जायचं? ठरवलेल्या जागी पाचपैकी पाच वेळा थांबता आलं, दोन्ही बाजूंना वळता आलं, आणि वेग पाय फाकवण्याने नव्हे तर वळणाने कमी करता आला, की जा. पाचपैकी चारच वेळा होत असेल तर अजून अर्धा दिवस थांबा. पहिल्या दिवशी पूर्ण डोंगराचा पास घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी फक्त खालच्या लिफ्टांचा वेगळा पास असतो, काही ठिकाणी कार्पेट फुकट असतं.

इतकं करूनही चुकून तीव्र जागी आलातच, तर स्की लगेच काढू नका. टणक बर्फावर स्कीच्या बुटांना पकड नसते, घसरलात तर थांबायचं साधन पण गेलं. स्की उताराला आडव्या करा, स्कीच्या डोंगराकडच्या कडांवर (धारांवर) उभे राहा आणि कडा थोड्या सैल सोडत इंच इंच खाली सरका, नाहीतर आडवं जा, टोकाला थांबा, वळा, परत आडवं. अगदीच नाही जमलं तर कडेला जाऊन, वरून येणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी थांबा आणि स्की-पॅट्रोलला बोलवा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १० नियम आहेत, त्यात वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं हे स्पष्ट आहे, पण अरुंद जागी किंवा चढाच्या पलीकडे जिथे दिसत नाही तिथे थांबू नका हे पण त्यातच आहे. फ्रान्समध्ये कडेच्या खांबांवर आकडे असतात, खाली जाताना कमी कमी होत जातात, फोनवर उताराचं नाव आणि तो आकडा सांगितला की तुम्ही सापडता.

आता तुमच्या ग्रुपमधल्या त्या सराईत मित्राबद्दल, कारण खरी काळजी मला त्याचीच वाटतेय. तो तिसऱ्या दिवशी म्हणणार की चला रे वर, सोपं आहे, मी आहे ना. तो खोटं बोलत नसेल, त्याला तो अवघड तुकडा आठवतच नाही, कारण तो त्याने चार सेकंदांत पार केलेला असतो. त्याला सांगा की सकाळी एकट्याने तो रस्ता एकदा उतर, पाय फाकवून, नवशिक्यासारखा, अगदी सावकाश, आणि मग येऊन सांग. माझ्याबरोबर आलेल्या अशा मित्रांपैकी बरेचसे परत येऊन गप्प बसले आणि दिवसभर कार्पेटजवळच फिरत राहिले.